काठांचा पडदा

घोडबंदर रोड, ठाणे
१ सप्टेंबर २०२४

ती. आईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

तुझ्या कानाचं यंत्र पुन्हा शिट्ट्या मारायला लागल्याचं निशिगंधाने कळवलं. गेल्या रविवारी मी फोनवर अर्धा तास बोलले आणि तू प्रत्येक वाक्यावर जेवले, जेवले एवढंच म्हणत राहिलीस, तेव्हाच ठरवलं की आता पत्र लिहायचं. मोबाइलवर लिहावं तर ते शेजारी निशिगंधाच्या फोनवर येणार आणि तुझ्याआधी सगळी आळी वाचणार. मागे माझ्या पित्ताबद्दल लिहिलं, तर समोरच्या बाबुरावांनी कोकम आगळाची बाटली धाडली. माणसं मायाळू आहेत, पण माझं पित्त माझ्यापाशी राहू दे की गं.

तू विचारलंस की मी नेमकं करते काय, कारण विहारात बायका विचारतात आणि तुला सांगता येत नाही. तर ऐक. आमची कंपनी पडदे, चादरी, अभ्रे, गालिचे बनवते. कापड विणून, रंगवून, शिवून दुकानात पोचायला पुष्कळ वेळ जातो. म्हणून लोकांना दीड-दोन वर्षांनी काय आवडणार आहे ते आजच ओळखावं लागतं. ते ओळखण्याचा पगार मला मिळतो. त्यासाठी मी नुसती भटकते. जांभळी नाक्यावर एका शिंप्याच्या दुकानात बसून बायका बाह्या कुठपर्यंत मागतात ते ऐकते. डोंबिवलीत फडके रोडवर पोरी कुठल्या रंगाच्या ओढण्या उचलतात ते बघते. मान वर करून लोकांच्या बाल्कन्या न्याहाळते, मग वॉचमन हटकतो. आज जे अंगावर दिसतं ते उद्या सोफ्यावर येतं, असा आमचा हिशेब.

सध्या माझ्या टेबलावर २०२६ चा उन्हाळा चालू आहे. परवा बँकेत स्लिपवर तारीख लिहिताना मी तेच साल टाकलं. कॅशियर माझ्याकडे बघतच राहिला.

यंत्र दुरुस्तीला टाक, बीपीची गोळी चुकवू नकोस. माझ्यावरचा लोभ तू कमी करणार नाहीस हे माहीत आहे, तरी लिहिते की करू नकोस.

तुझी,
मृणाल


मोहने
८ सप्टेंबर २०२४

चि. मृणाल हिस,
अ. उ. आ., वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी आलं. पोस्टमन तानाजी दारातच थांबून विचारायला लागला की कुणाचं, काय म्हणून. हल्ली तो आळीत बिलं आणि बँकेची पाकिटंच टाकतो, हाताने लिहिलेला पत्ता बघून त्याला हुरूप आला. मी त्याला चहा पाजला आणि काही सांगितलं नाही.

तुझं काम आता कळलं. अजून आलेलं नाही ते तुला दिसतं. विहारात मी असंच सांगितलं तर एकीला वाटलं तू भविष्य बघतेस. नातवाचं लग्न कधी जमेल ते मृणालला विचारा म्हणाली. आपल्यात भविष्यबिविष्य मानत नाहीत याची विहाराच्या पायरीवर तिला आठवण करून द्यावी लागली.

पण मला एक सांग, दोन वर्षांनी लोकांना काय आवडणार हे तुला कळतं, तर तुझ्या घराला थोडा रंग का नाही? मागच्या हिवाळ्यात मी आले होते तेव्हा पडदा, भिंत, सोफा, उशा, सगळं आपलं पेजेच्या रंगाचं. मी विहाराची पांढरी साडी नेसून सोफ्यावर बसले होते आणि तू मला शोधत गॅलरीत गेलीस. इथेच राहा, खोली तुझीच आहे, असं तू म्हणालीस ते माझ्या लक्षात आहे. मला तिथे करमत नाही त्यात तुझा काही दोष नाही. बावीस मजले खाली उतरल्याशिवाय तिथे कुणाला हाक मारता येत नाही.

तुझे बाबा गेले त्याला दीड वर्ष होईल. मार्चमध्ये त्यांच्या स्मृतिदिनाला तू आलीस, गाडी दारात थांबवून. त्यानंतर आली नाहीस. तक्रार नाही. तुझी गादी मात्र दर रविवारी उन्हात घालते. निशिगंधा विचारते कोण यायचंय. मी सांगते, गादीला ऊन लागतं म्हणून घालते.

१२ ऑक्टोबरला अशोक विजयादशमी आहे. विहारात वंदना, मग सगळ्यांचं एकत्र जेवण. जमलं तर बघ. जमलंच पाहिजे असं काही नाही.

माया आहेच, ती तुला पोस्टाने किती पोचते ते कळव.

तुझी,
आई


घोडबंदर रोड, ठाणे
१७ सप्टेंबर २०२४

ती. आईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

आई, बाराला नाही जमणार. त्याच आठवड्यात नव्या मालाची मांडणी ठरणार आहे आणि माझी अवस्था वाईट आहे.

आमच्या ऑफिसात एक भिंत आहे. जो तो बाहेर फिरून काय नवीन दिसलं त्याचे फोटो, कापडाचे तुकडे तिच्यावर टाचतो. प्रत्येकाचा एक कोपरा. माझा कोपरा रिकामा आहे. मागच्या वर्षी मी गडद हिरव्यावर बोट ठेवलं होतं, तो रंग आलाच नाही. गोदामात हिरवे अभ्रे पडून आहेत आणि चहाच्या सुट्टीत कुणीतरी विचारतंच की कोथिंबीर कशी दिली.

भिंतीवर काही लावायचं तर नियम कडक आहेत. एका घरात दिसलं तर ती हौस. तीन वेगवेगळ्या घरांत, एकमेकांचं न बघता आलेलं दिसलं, तरच तो ट्रेंड. आणि सांगोवांगी चालत नाही, ज्याचा कोपरा त्याने स्वतः जाऊन, हात लावून बघायचं. आमच्या रुचिता मॅडम यात कुणालाच सवलत देत नाहीत. या वेळी त्या म्हणाल्या की लोकांना चकचकीतपणाचा कंटाळा आलाय, लोकांना आता घरपण हवंय, ते शोधून आणा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण डोलावली. मग संध्याकाळी घरी आले, दिवा लावला, आणि ते कुठे शोधायचं ते मला सुचेना.

असो. तुला कशाला हा ताप देते. मी बरी आहे, डबा वेळेवर खाते. रागावू नकोस, आणि रागावलीस तर तेही लिहून कळव.

तुझी,
मृणाल


मोहने
२४ सप्टेंबर २०२४

चि. मृणाल हिस,
अ. उ. आ., वि. वि.

नाही जमत तर नाही. रागावले नाही.

तुझा नियम वाचला आणि तुला एक कळवावंसं वाटलं. आपल्या आळीत हल्ली एक नवीनच दिसायला लागलंय. जुन्या साड्यांचे काठ कापून, त्यांच्या लांब पट्ट्या करून, बांबूच्या काठीला ओळीने शिवतात आणि ती काठी पुढच्या दाराला लावतात. दार उघडं राहतं, वारा येतो, पण बाहेरच्याला थेट चुलीपर्यंत दिसत नाही. मोरपंखी, जांभळा, डाळिंबी, जरीचा, सुती, सगळे काठ एकाशेजारी एक. कुणी आत आलं की पट्ट्या अंगावरून सरकतात. आपल्या दाराला आहे, निशिगंधाच्या दाराला आहे, आणि बाबुरावांच्या सुद्धा. बाबुराव एकटे राहणारे, सरळ स्वभावाचे, त्यांना कुठली आलीय हौस, त्यावरून तूच काय ते समज.

कुणी कुणाला विचारून लावलेलं नाही. ही आपली तीन घरं झाली. मी काही या विषयातली जाणकार नाही. स्वतः येऊन हात लावून बघायला हवं असं तूच लिहितेस. मी आग्रह करत नाही.

दसऱ्यानंतर हवा बरी असते. एवढंच सुचवते.

तुझी,
आई


मोहने
२५ सप्टेंबर २०२४

ती. चांगदेवदादास,
सविनय जय भीम, वि. वि.

डोंबिवलीस तुम्ही उभयता सुखरूप असाल. वहिनींचा गुडघा कसा आहे? तेल मागवलंय, मिळालं की पाठवते.

दादा, एक काम आहे आणि ते तुझ्यापाशीच राहू दे. वहिनींच्या ट्रंकेत जुन्या साड्या आहेत, ज्या त्या नेसत नाहीत आणि टाकतही नाहीत, त्यांचे काठ मला हवेत. मिळतील तेवढे.

कारण सांगते, हसू नकोस. पावसात मला घर खायला उठलं होतं. दार लावलं तर घरात कुणीच नाही असं वाटायचं, उघडं ठेवलं तर जाणारा-येणारा मी एकटी काय करते ते बघायचा. म्हणून माझ्या साड्यांचे काठ कापून दाराला पडदा केला. चांगला झाला. एवढं खरं आहे. पण मृणालला मी कळवलंय की आळीत तीन घरांत असे पडदे आहेत. तिच्या कामात तीन घरं लागतात, आणि तीन असली की तिला स्वतः येऊन बघावं लागतं. तिनेच लिहिलं होतं. मला पेन खाली ठेववेना.

आता उरलेली दोन घरं सजवायला हवीत. निशिगंधा तयार आहे, तिला या कटात मजा वाटतेय. बाबुराव आधी नाही म्हणाले, म्हातारपणी दाराला झिरमिळ्या लावून मी काय लग्नघर उघडू का, असं विचारलं. सुकटीची चटणी दोनदा दिल्यावर बघू म्हणाले. माझ्या साड्या संपत आल्या आहेत. एक मोरपंखी इरकल तेवढी ठेवली आहे.

माझ्यावरचा तुझा जीव लहानपणापासूनचा आहे, तो या वयात आटू देऊ नकोस.

तुझी,
शांता


डोंबिवली पूर्व
१ ऑक्टोबर २०२४

चि. शांतास,
अ. आ., वि. वि.

हसू नकोस लिहिलंस म्हणून आधी हसून घेतलं, मग वाचलं. वहिनीने पण वाचलं. तिच्यापासून काही लपत नाही हे तुला ठाऊक आहे. ट्रंक उघडून बसलीय. प्रत्येक साडी हातात घेऊन ती कुणी दिली आणि देताना काय टोमणा मारला ते सांगते, मग कात्री चालवते. आमचा प्रशांत शनिवारी पिशवी घेऊन येईल. त्याला पोटभर जेवू घाल, घरी धड खात नाही.

आता थोरला भाऊ म्हणून बोलतो. अगं, पोरीला सरळ ये म्हण ना! एवढा उद्योग करायची काय गरज? तू म्हणशील, बोलावलं म्हणून आली तर ते कर्तव्य म्हणून येणं झालं. मग हे काय आहे? हेही बोलावणंच, फक्त लांबचा वळसा घेऊन. आणि तिच्या नोकरीचा विचार केलास का? एकदा तिचा अंदाज चुकलेला आहे. आता तुझ्या शब्दावर ती साहेबांसमोर छातीठोकपणे बोलेल, आणि उद्या हे उघडं पडलं तर आईच्या मायेचं कारण तिथे चालत नाही. मी बत्तीस वर्षं ऑफिसात काढली आहेत, मला माहीत आहे.

तरीही पिशवी पाठवतोय, कारण तू मार्चपासून कशी राहतेस ते मी बघितलंय. वहिनीने तिच्या शालूचा काठ तळाशी ठेवलाय. तो बाबुरावांना देऊ नकोस असा निरोप आहे.

भेटीची वाट बघतो, आधी तुझ्या लेकीची बघून घे.

तुझा,
दादा


घोडबंदर रोड, ठाणे
८ ऑक्टोबर २०२४

ती. आईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

आई, तुला कल्पना नाही तू काय पाठवलंस! तुझं पत्र मी बॅगेत घालून ऑफिसला नेलं. मीटिंगमध्ये सगळ्यांचं दाखवून झालं, माझी पाळी आली, माझ्याकडे काही नव्हतं. मी तुझ्या पत्रातला तेवढा भाग वाचून दाखवला. काठांच्या पट्ट्या, उघडं दार, आत येणाऱ्याच्या अंगावरून सरकणारे रंग. रुचिता मॅडम म्हणाल्या, हेच ते, हेच मी मागत होते. आणि तेही अशा ठिकाणी, जिथे लोक मासिकं बघून घर लावत नाहीत.

न बघता भिंतीवर लागणार नाही, म्हणून आम्ही शनिवारी, १९ तारखेला येतोय. मी, मॅडम आणि फोटो काढायला ऋतुराज. तिन्ही घरांना सांगून ठेव. काही आवरू-सजवू नका, जसं आहे तसं हवंय. पसंत पडलं तर २०२६ च्या उन्हाळ्यात सगळीकडे हे पडदे असतील आणि माझ्या कोपऱ्याला कोथिंबीर म्हणणारे गप्प बसतील. मॅडमची सही झाली की पडद्यांची ती अख्खी मालिका माझ्या नावावर.

मला खूप दिवसांनी काहीतरी बरोबर हाताला लागल्यासारखं वाटतंय, आणि ते आपल्या आळीतून आलं याचा आनंद जास्त आहे. तुझ्या हातची ज्वारीची भाकरी करशील? मॅडमना आवडेल. खरं तर मला हवीय.

येतेच आहे, त्यामुळे लोभाबिभाचं तिथेच बघू.

तुझी,
मृणाल


मोहने
२० ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
सविनय जय भीम, वि. वि.

काल मृणाल येऊन गेली.

सकाळपासून आळीत लगबग होती. निशिगंधाने पोराला तीनदा कपडे बदलायला लावले. बाबुरावांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि पडद्याच्या आत खुर्ची टाकून बसले, जसे काही जन्मापासून तिथेच आहेत. परवापर्यंत पट्ट्या टकलाला गुदगुल्या करतात म्हणून तक्रार होती. काल बाईंना सांगत होते की या पडद्याशिवाय घर घर वाटत नाही. मी त्यांना एवढं बोलायला सांगितलं नव्हतं.

त्या रुचिता मॅडम चांगल्या आहेत. दारातच चपला काढल्या, बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडले, मला मावशी म्हणाल्या. आमचा पडदा त्यांनी पुन:पुन्हा हातात घेतला. फोटोवाला पोरगा कधी आडवा, कधी स्टुलावर. मृणाल वाळली आहे रे. हसत होती, पण डोळ्यांखाली काळं आलंय. मला जवळ घेतलं तेव्हा तिच्या पाठीची हाडं हाताला लागली.

मग सगळे निशिगंधाकडे गेले, तिथून बाबुरावांकडे. बाबुरावांच्या दारात मृणालने एक पट्टी हातात धरली. खालचं टोक चाचपलं. आणि तिथेच थांबली. मॅडम काहीतरी विचारत होत्या, तिला ऐकू गेलं नाही. ऐकू न येणं मला चांगलं ओळखता येतं, पण हे तसं नव्हतं. मग वळून माझ्याकडे बघितलं. आणि मॅडमना म्हणाली की उशीर होतोय, डोंबिवलीच्या दुकानात वेळ दिलेली आहे, निघू या.

भाकऱ्या झाकून ठेवल्या होत्या. सगळे नुसता चहा पिऊन गेले. गाडी वळेपर्यंत मी दारात होते, तिने काच खाली केली नाही.

दादा, तुझं खरं ठरलं. मी तिला भेटीला बोलावलं आणि ती माझ्याकडे फोटो काढायला येऊन गेली. आधी निदान ती येत नव्हती, तेव्हा ती येईल असं वाटायचं. आता तेही कठीण करून ठेवलं. तिच्या नोकरीचं काय झालं ते विचारायची मला हिंमत नाही. तू फोन करून बघ, पण माझं नाव काढू नकोस.

तुझी,
शांता


घोडबंदर रोड, ठाणे
२३ ऑक्टोबर २०२४

ती. आईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

बाबुरावांच्या दारातल्या पट्टीच्या टोकाला चिंचोका होता. पट्टी वाऱ्याने उडू नये म्हणून दुमडीत शिवलेला. तिथून मी निशिगंधाच्या दाराकडे बघितलं, तिथेही पट्ट्या तशाच सरळ लोंबत होत्या. माझ्या शाळेच्या फ्रॉकच्या झालरीत तू असेच चिंचोके घातले होतेस, आणि कवायतीला उड्या मारल्या की मी खुळखुळायचे. असं करणारी दुसरी बाई मला अजून भेटलेली नाही. कुणी कुणाला विचारलं नाही म्हणे! तीन घरं कुठली, हात एकच होता.

पण मी थांबले ते त्यामुळे नाही. जी पट्टी माझ्या हातात होती ती मोरपंखी इरकलीची होती. माझ्या पदवीच्या दिवशी तू नेसली होतीस ती. बाबांनी त्या दिवशी आपल्या दोघींचा फोटो काढला आणि त्यात आपली मुंडकी नाहीत, नुसता तो काठ आणि माझं प्रमाणपत्र आहे. त्या फोटोवरून आपण किती हसलो होतो. आई, तू ती कापलीस? मी यावं म्हणून तू ती कापलीस?

गाडीने कल्याण ओलांडलं. मग मॅडमना सांगितलं की भिंतीवर लावू नका, तिन्ही पडदे माझ्या आईने शिवलेत. ऋतुराजने कॅमेऱ्याचं झाकण लावलं. मॅडम म्हणाल्या की नियम म्हणजे नियम, ही हौस धरावी लागेल. २०२६ चा उन्हाळा आता दुसऱ्या मुलीकडे गेलाय. मी ऑफिसात आहे, पण मला या वर्षी कोपरा नाही.

तुझ्यावर रागावले का? हो, रागावले. दोन दिवस फार रागावले. मनात तुला अशी पत्रं लिहिली की पाठवली असती तर तू यंत्र कायमचं काढून ठेवलं असतंस. मग काल एका दुकानात कुणीतरी मोरपंखी रंगाचा पडदा उलगडला आणि मला तिथेच रडू आलं. दुकानदाराने पाणी दिलं आणि दहा टक्के सूट देतो म्हणाला.

मी का येत नाही, ते तू कधी विचारलं नाहीस. गाडी दारात थांबवते, कारण एकदा बसले की मला उठता येणार नाही असं वाटतं. त्या घरात अजून प्रत्येक गोष्ट बाबांच्या हाताशी येईल अशी ठेवलेली आहे. माझं काम मला आवडतं ते यासाठीच. मी दिवसभर २०२६ मध्ये असते आणि तिथे बाबांना जाऊन तीन वर्षं उलटलेली असतात. तिथे जरा सोपं जातं. फक्त तिथे तू पण दोन वर्षांनी म्हातारी झालेली असतेस, आणि मी मधे कुठेच आलेली नसते. हे मला परवापर्यंत दिसलंच नव्हतं. आणि म्हणे माझं काम पुढचं बघण्याचं.

आता एकही साडी कापू नकोस. नेसायला काही ठेव. बाकी काय लिहू ते कळत नाही. तू माझ्यावर माया करतेस हे मला माहीत आहे, एवढी नको करूस गं, मला पेलत नाही.

तुझी,
मृणाल


मोहने
४ नोव्हेंबर २०२४, दुपार

ती. दादास,
सविनय जय भीम, वि. वि.

घाईत लिहिते. मृणाल इथे आहे. शुक्रवारी आली, आंबिवलीहून रिक्षाने, पाठीला बॅग लावून. रिक्षावाल्याला पैसे दिले आणि तो निघूनही गेला. मी दारात उभी राहून मागे कुठली गाडी येतेय का ते बघत होते. ती म्हणाली, आई, कुणी नाही, मी एकटीच आहे. मला पहिल्यांदा ऐकू आलं नाही, तिला पुन्हा म्हणायला लावलं.

आठवडाभराची रजा टाकली आहे. मॅडमनी लगेच दिली म्हणे. नोकरी आहे, पण एक वर्ष मागे पडली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून माझ्या तोंडात घातला. मग तिच्या बाबांच्या वस्तू दोघींनी मिळून काढल्या. चष्मा, दाढीचं सामान, कारखान्याचा बिल्ला. एकेक हातात घेत होतो आणि रडत होतो. रडून झालं की ती चहा करायची, मग पुन्हा बसायचो. बिल्ला तिने ठेवून घेतला.

आंबिवलीच्या दोन बायका पडदा बघून गेल्या होत्या, त्यांनी आपापल्या घरी तसाच केला. त्यांच्याकडे चिंचोके नाहीत, बांगड्या ओवल्यात. मी मृणालला सांगितलं, बघ, आता खरंच सुरू झालं, फोटो काढ, मॅडमना दाखव. ती उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. म्हणाली, या आठवड्यात मला काही दिसत नाही.

रविवारी जाणार आहे. पुन्हा कधी ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. येईल असं वाटतं. नाही आली तर मी जाईन, त्या बावीस मजल्यांवर, आणि तिथे हाका मारीन, कोण ऐकतं ते बघू.

आत्ता ती जेवून माझ्यासमोर निजलीय, तोंड उघडं, लहानपणी निजायची तशीच. सांडशी खाली पडली तरी उठली नाही. मी कामं टाकून तिच्याकडे बघत बसलेय. आणि दादा, तुलाच सांगते, वहिनींना वाचून दाखवू नकोस. ती इथे हाताच्या अंतरावर आहे, आणि मला तिची फार आठवण येतेय.

तुझी,
शांता